बांधी म्हणजे काय?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मंडईच्या नाटकाचा पहिला अंक अजून संपायचा आहे. गावाबाहेर रिकाम्या वावरात खड्डा खणून मंडप घातलाय. तिथल्या माइकवरून एक सासरा कुणाला तरी घराबाहेर काढतोय आणि त्याचा आवाज धानावरून थेट बोडीपर्यंत येतोय. मध्येच टाळ्या, मध्येच शिट्ट्या. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आमच्या झाडीपट्टीत कुणी घरी राहत नाही. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून नेतात.

माझा भाऊ मात्र बोडीच्या पाळीवर बसलाय. तोंड पाण्याकडे, पाठ नाटकाकडे.

मी चपला हातात घेऊन चालतेय, गवत दवानं ओलं झालंय. तो नाटकाला दिसला नाही तेव्हा भावजय म्हणाली, "झोपले असतील." आई म्हणाली, "कडपा पाहाले गेला असेल." दोघींनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला, म्हणून मी उठले. तुमसरला जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं पोरं सांभाळतेय. कोण खोटं बोलतंय हे मला दरवेळी ओळखता येत नाही, पण वर्गातलं कोण काही न सांगता बसलंय हे पाठमोरं असतानाही कळतं.

परवा भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. ताटात ओवाळणी टाकायला त्यानं खिशात हात घातला आणि हात तिथंच राहिला. विसरून गेल्यासारखा. शेवटी भावजयीनं पदराच्या गाठीतली नोट काढून ताटात ठेवली आणि सगळे हसले. मीही हसले.

"थंडी नाही वाजत का रे?"

उत्तर नाही. मी शेजारी बसते. पाळीची माती गार आहे. पाण्यात मंडपाच्या लायटींचा एक पट्टा हलतोय. कापलेल्या धानावर चार दिवस अवकाळी पाऊस बसला, हे मला आल्याबरोबर सगळ्यांनी सांगितलं. गटाचे हप्ते थकलेत, हे भावजयीनं चुलीपाशी सांगितलं. तो दोन-अडीच महिने रात्री तीनला उठून बसतो, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. पाऊस तर आत्ता आत्ता पडला. हे त्याच्या आधीचं आहे.

मला जे विचारायचं आहे ते तोंडात येत नाही. आमच्याकडे समज अशी की असलं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरतं. शाळेतल्या एका प्रशिक्षणात नेमकं उलटं सांगितलं होतं: विचारल्यानं विचार पेरला जात नाही, ज्याच्या मनात तो आहे त्याला तो खाली ठेवायला जागा मिळते. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं. चहा आला म्हणून पुढचं वाक्य अर्धवट राहिलं.

"जीव नकोसा झाला का तुले?"

नाटकात हार्मोनियम सुरू होतो. त्या आवाजाच्या आडून तो मान हलवतो. हो.

एवढंच. मला वाटलं होतं मी रडेन. रडू येत नाही. पोटात काहीतरी थंड होतं आणि डोकं एकदम व्यवहारी होतं, जसं वर्गात पोराला फिट आली की होतं. मी त्याच्या मनगटाला धरते आणि दुसऱ्या हातानं मोबाइल काढते. 14416. हा नंबर मला पाठ आहे, कारण शाळेच्या फलकावर तो कागद मीच चिकटवलाय. टेली-मानस, भारत सरकारची चोवीस तासांची मोफत सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासूनची, मराठीतही बोलता येतं, असं त्यावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलंय. लावून मात्र कधी पाहिला नव्हता. अग्निशामक बंबाच्या नंबरासारखा तो भिंतीवर होता.

भाषा निवडा, असं यंत्र सांगतं. मी निवडते. मग थांबा. ती वाट पाहणं फार वाईट. भाऊ म्हणतो, "कोनाले लावून राहिली? ठेव."

आणि एक बाई बोलते. आवाज तरुण आहे, बोली आमच्याकडची नाही. पुण्याकडची असावी. मी घाईघाईनं सगळं सांगायला लागते तर ती मला हळूच अडवते. दादा शेजारी आहेत का? मग फोन स्पीकरवर टाका. दादा, तुम्ही आत्ता कुठे बसला आहात?

"पाळीवर."

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

"ताई."

"बरं झालं. दादा, आज दिवसभर काय करत होतात?"

बराच वेळ काही नाही. मला वाटतं, आता तो उठून जाणार. मग तो म्हणतो, "बांधीत होतो."

"बांधी म्हणजे काय?"

तो माझ्याकडे पाहतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ पाहतो. बांधी म्हणजे काय, हे माहीत नसलेला माणूस त्याला आयुष्यात भेटला नसावा. पवनी तालुक्यात शेंबडं पोरगंही हे विचारणार नाही.

"बांधी म्हंजे... धानाची. चारही कडेनं धुरा असते. पानी धरून ठेवाले."

"धुरा म्हणजे बांध का?"

"हो. त्याच्यावर तूर लावतो आमी."

"आणि आत्ता त्या बांधीत पाणी आहे?"

"आता नसते जी. आता कापनी झाली. पन पावसानं भरल्या. कडपा भिजला."

"कडपा?"

आणि तो सांगायला लागतो. धान कापला की पेंढ्या न बांधता मुठी-मुठीनं बांधीतच आडवा पसरून ठेवतात, दोन-तीन दिवस उन्हात वाळला की मग भारे बांधून पुंजणा रचायचा, त्या पसरलेल्या धानाला कडपा म्हणतात. भिजला तर पलटवावा लागतो. लोंबीतल्या लोंबीत दाण्याला कोंब फुटतो. कोंब फुटलेला धान आधारभूत केंद्रावर कोणी घेत नाही. हलका धान घरी आला आहे, भारी अजून उभा आहे, पण त्याच्यावर तुडतुडा पडला. रोवणीच्या वेळी बाया मिळाल्या नाहीत म्हणून परे पोक्त झाले होते. ती मध्ये मध्ये विचारते आणि तो समजावून देतो, शाळेत कधी नव्हता इतका नीट. पोक्त परे म्हणजे काय? म्हंजे म्हातारे झाले, जी. बसत नाहीत मग मातीत.

"आणि दादा, तुम्हाला झोप?"

"नाही येत."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

आता तो रडतोय. बोलता बोलता, आवाज न करता. माझा हात अजून त्याच्या मनगटावर आहे. फोनमधली बाई गप्प राहते, पण आहे हे कळत राहतं. आपल्याकडची कोणीही एवढ्यात म्हणाली असती, असं नको करू बाप्पा, पोराबाळांकडे पाहा. ती म्हणत नाही. थोड्या वेळानं तेच विचारते, जे मी विचारलं होतं, आणि आणखी सरळ. काही ठरवलं आहे का, घरात काय काय आहे. तो उत्तरं देतो. ती मी इथं लिहीत नाही.

नंतर ती माझ्याशी बोलते. आजची रात्र यांना एकटं सोडायचं नाही. फवारणीचं औषध, गोळ्या, जे असेल ते आत्ताच घराबाहेर दुसऱ्याच्या कुलपात ठेवायचं. उद्या सकाळी भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्यायचं, उशीर करायचा नाही. मध्ये काहीही वाटलं तर पुन्हा फोन. पहाटे तीन वाजता असो.

फोन ठेवल्यावर पाहिलं, चव्वेचाळीस मिनिटं. नाटकाचा दुसरा अंक लागलाय आणि तो घराबाहेर काढलेला माणूस बहुतेक परत आलाय.

घरी डबे हलवायचं काम भावजय करते. एकही प्रश्न न विचारता. गोठ्याच्या फळीवरून, पाटीखालून, मोटारीच्या खोलीतून. ती इतक्या भराभर शोधते की माझ्या लक्षात येतं, तिला जागा माहीत आहेत. रोज रात्री ती त्या मोजत असणार. पिशवी शेजारच्यांच्या घरी जाते. त्या घरातली म्हातारी नाटकाला गेलेली नाही, गुडघे दुखतात म्हणून. ती पिशवीकडे पाहते, भावजयीकडे पाहते, पिशवी पेटीत टाकते आणि किल्ली पोलक्यात खोचते. "मंघा तरी मले समजलं होतं," म्हणते. "पन कोनी इचारलं नाही."

मोठेबाबा, आमचे थोरले काका, नाटकावरून परततात तेव्हा दोन वाजून गेलेत. त्यांना सांगावं लागतंच. ओसरीवर बसून ते विडी पेटवतात आणि दोन भीती एकामागून एक बाहेर काढतात. पहिली, पोलीस केस होईल. दुसरी, नागपूरले टाकाव लागते का?

नागपूरला टाकणं म्हणजे मनोरुग्णालयात टाकणं. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक नागपूरला आहे. येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी ही बाकीची. आमच्या भागात त्याचं नाव कुणी घेत नाही, गावाचंच नाव घेतात. लहानपणी मस्ती केली की आम्हालाही नागपूर दाखवलं जायचं. मी सांगते, टाकायचं नाही, दाखवायचं आहे, भंडाऱ्यालाच, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पोलिसांचं सांगते. असं काही त्यानं केलं नाही, पण एखाद्यानं केलं तरी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं की तो माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा नाही, आणि त्याच्या उपचारांची सोय सरकारनं करायची. 29 मे 2018 पासून हे लागू आहे. जुन्या दंडविधानातलं 309 कलम तर 1 जुलै 2024 ला आलेल्या न्याय संहितेत घेतलंच नाही.

मोठेबाबा ऐकतात. विडी विझवतात. "मंग मी इथंच आंग टाकतो," म्हणतात आणि भावाच्या खाटेला लावून जमिनीवर चटई पसरतात. ऐंशीला आलेला माणूस. रात्रभर ते खोकत राहतात आणि त्या रात्री तो खोकला ऐकून मला बरं वाटतं.

सकाळी साडेसातला आशाताई दारात. तिला शेजारच्या म्हातारीनं पाठवलंय. तिचा निळा फायलींचा झोळा खांद्याला आहेच, तो बहुधा झोपतानाही असतो. भाऊ मोरीवर तोंड धूत असताना ती माझ्याजवळ येते आणि कुजबुजते, "ताई, माह्या फॉर्ममधी हे होतं."

काय होतं?

ती सीबॅकचा फॉर्म काढून दाखवते. तिशीच्या वरच्या प्रत्येक माणसाचा आशा कार्यकर्ती हा फॉर्म भरते: तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, खोकला आहे का, अन् शेवटी दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? समोर चार रकाने, अजिबात नाही पासून जवळपास रोज पर्यंत.

"मी सगळ्यांचं 'अजिबात नाही' भरतो," ती म्हणते. "सासूसमोर सुनेले कसं इचारू, उदास वाटते का म्हून? अन् मान्साले तर इचारताच येत नाही. हसतात. तुमच्या भावाचंही असंच भरलं."

तिच्यावर राग काढण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मीही फलकावर नंबर चिकटवला होता आणि भाऊबीजेला हसले होते. ती सोबत येते म्हणते. मोबदल्याचं काही नाही, तिची गाडी-भाड्याची नोंदही यात बसत नाही. येते.

पवनीहून भंडाऱ्याची एसटी. बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्हा दोघींच्या तिकिटांत जेवढे पैसे, तेवढेच एकट्या भावाच्या तिकिटाला. यावर तो किंचित ओठ हलवतो. हसला असं म्हणवत नाही. खिडकीकडे त्याला बसवलं नाही, मध्ये बसवलंय. कोंढा जातं. अड्याळ येतं, मंडईच्या दुकानांच्या पाट्या अजून रस्त्याकडेला आहेत. दोन्ही बाजूंना बांध्या, कुठं पिवळ्या, कुठं कापलेल्या, कुठं पाण्यात लोळलेल्या. तो मान वळवून वळवून सगळं पाहतो. दुसऱ्याचा भिजलेला कडपा पाहून शेतकऱ्याला बरं वाटतं असं म्हणतात. मला त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नाही. एका ठिकाणी तो म्हणतो, "याईनं पलटवला." बस्स.

पहेल्यापर्यंत आशाताई डुलकी घेते. मला एक वाचलेलं आठवत राहतं. आमच्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालला होता. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांनी घरोघर पाठवलं, बोलायला, ओळखायला, योग्य जागी पोचवायला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुणाकडे तरी मदत मागायला जात. दीड वर्षानं सत्तावीस जाऊ लागले. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त ते छापून आलं. डॉक्टर काही सहा पटीनं वाढले नव्हते. वाढले होते विचारणारे. आमच्या आशाताईच्या झोळ्यात प्रश्न छापून आलेत, पण ते कसे विचारायचे हे त्या कागदावर छापलेलं नाही.

जिल्हा रुग्णालयाच्या फाटकात शिरताना भंडाऱ्याच्या कोणत्याही माणसाला जे आठवतं ते मलाही आठवतं. 9 जानेवारी 2021 ची पहाट, नवजात बाळांच्या कक्षातली आग, दहा बाळं. त्यांच्या आया आता कुठल्या कुठल्या गावांत असतील आणि त्यांना कुणी विचारत असेल का, रात्री झोप लागते का म्हणून. हा विचार इथं थांबवावा लागतो, कारण चिठ्ठीची रांग पुढं सरकलीय.

केस पेपरला पैसे लागत नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळंच मोफत आहे. भाऊ तरी खिशात हात घालून उभा आहे. "काय होतंय?" खिडकीतून प्रश्न येतो. मागे पंधरा माणसं. "झोप येत नाही," मी म्हणते. खिडकीतला माणूस वर न बघता मानसोपचार लिहितो. त्याला ही भाषा कळते. इथं कुणी वेगळं सांगतच नसावं.

बाकावर आमच्या आधी नऊ जण आहेत. मी मोजते, शिक्षकाची खोड. शेजारी एक मायलेकी. मुलगी अठरा-एकोणीसची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते. आई स्वतःहूनच सांगते की दोन ठिकाणी दरबारात नेऊन आणली, लिंबू उतरवले, पोरीला बाहेरचं लागलंय असं सांगितलं. "तिथंही नेतो अन् इथंही आनतो. कोनाचा गुन येईल का सांगता येते?" हे सांगताना ती लाजत नाही, मीही तिला शिकवत नाही. पलीकडे एक बाई नवऱ्याला घेऊन आलीय. त्याचे हात थरथरतात, चार दिवस दारू बंद आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांचा अभिमान आहे. एक म्हातारा एकटाच आलाय, लाखांदूरकडचा, महिन्याच्या गोळ्या न्यायला. बारा वर्षं येतोय. आधी नागपूरला जात होता. "आता इथंच भेटते," तो म्हणतो, "गाडीभाडं वाचते." मग भावाकडे पाहून, "पयल्यांदा आला का गा?"

"हो."

"मीही पयल्यांदा असाच बसलो होतो. जोड्याकडे पाहत."

भाऊ चपलांवरून नजर उचलतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये देशभर पाहणी केली होती. त्यात मनाच्या वेगवेगळ्या आजारांमध्ये उपचारांपर्यंत न पोचणारे शंभरांतले 70 ते 92 निघाले. या बाकावर बसलेले नऊ, आता आम्ही धरून दहा, हे उरलेल्यांपैकी. मागची सगळी बाकं रिकामी कल्पना करायची आणि ती घराघरांत नेऊन ठेवायची. मला आमच्या ओसरीवरचं दिसतं. त्यावर दोन महिन्यांपूर्वी भावाला सलाइन लागलं होतं. तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून दोनदा लावलं, शक्तीची इंजेक्शनं दिली, नि अठराशे रुपये झाले. झोपेचं त्यालाही सांगितलं होतं म्हणे. तो म्हणाला, टेन्शन घ्यायचं नाही.

नाव पुकारतात. समुपदेशक बाई पस्तिशीच्या, कपाळाला छोटी टिकली, टेबलावर डबा. "या दादा. कोनतं गाव?"

भाऊ गाव सांगतो. ती चटकन म्हणते, "हो का! आमच्या मावशीचं सासर बाजूलाच आहे."

आणि भाऊ बंद होतो. मी प्रत्यक्ष पाहते, गोगलगाय शिंगं आत घेते तसा. काल रात्री बांधी माहीत नसलेल्या बाईशी तो चव्वेचाळीस मिनिटं बोलला. हिला बांधी, धुरा, कडपा, पोळा, सगळं माहीत आहे, हिची मावशी उद्या कुणाच्या तरी तेराव्याला आमच्या आईच्या पंगतीला असू शकते. परक्याला सगळं समजावून द्यावं लागतं, आणि त्यात निदान बोलणं तरी होतं. आपल्या माणसाला काही समजवावं लागत नाही, म्हणून सांगायचंही राहून जातं.

बाईच्या ते लक्षात येतं. नवीन नसणार तिला. ती उठून दार ढकलते. "दादा, मावशीचं बोललो ते सोडा. इथं जे बोलाल ते याच खोलीत राहते. माह्या घरी माह्या नवऱ्यालेही मी नाव सांगत नाही. कायद्यानंही सांगता येत नाही. जिवाले धोका वाटला तरच घरच्यांशी बोलीन, अन् तेही तुम्हाले सांगून." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही बाहेर बसा."

मी? मी काल रात्रीपासून मनगट धरून आहे.

"थोडा वेळ," ती म्हणते.

म्हणून पुढचं मला माहीत नाही. दार पत्र्याचं आहे, आतून आवाज येत नाही. आशाताई बाटली भरून आणते. थरथरत्या हातांचा माणूस आत डॉक्टरांकडे जाऊन बाहेर येतो, त्याची बायको कागद घडी करून ब्लाउजात ठेवते. ओढणीवाली मुलगी मला विचारते, किती वाजले. दहा मिनिटांनी पुन्हा विचारते. लाखांदूरचा म्हातारा गोळ्यांची पिशवी घेऊन जाताना थांबतो आणि बंद दाराकडे हनुवटीनं खूण करतो, "वेळ लागून राहिला ना? चांगलं आहे."

चाळीस मिनिटं. एकदा मला आतून काहीतरी पडल्यासारखं वाटतं आणि मी उठते. खुर्ची सरकली असावी.

दार उघडतं. भावाचे डोळे लाल आहेत. तो म्हणतो, "पानी आहे का?" आणि आशाताईची बाटली अर्धी एका दमात पितो. सकाळपासून त्यानं चहाही घेतला नव्हता.

डॉक्टर कमी बोलतात. आजाराचं नाव सांगतात, नैराश्य, आणि ते मधुमेहाचं सांगावं तसं सांगतात. एका पावसानं झालेलं नाही, एका हप्त्यानं नाही, पाऊस थांबला म्हणून आपोआप जाणार नाही. दोन गोळ्या. झोप आधी सुधारेल, मनाला फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. आठ दिवसांनी परत यायचं. गोळ्यांचं पाकीट बहिणीजवळ किंवा बायकोजवळ राहील, एका वेळची एकच त्यांच्या हातात. भाऊ विचारतो, "धान चुराले चालते का?" डॉक्टर म्हणतात, चालतं, दिवसा, कुणासोबत तरी, मशीन दुसऱ्याला चालवू द्या, गोळीनं गुंगी येईल. मग पहिल्यांदाच वर पाहून विचारतात, किती एकर? पावणेतीन. ते लिहून घेतात. केस पेपरवर पावणेतीन एकर लिहिलेलं मी पाहते. का लिहिलं असेल कोण जाणे.

बसस्टँडवर आलूबोंडा. तर्री घातलेला, वर कांदा. भाऊ अर्धा खातो, अर्धा माझ्या कागदावर ठेवतो. लहानपणी तो माझा अर्धा पळवायचा. आशाताई आमच्याकडे पाठ करून फोनवर कुणाला तरी लसीकरणाची तारीख सांगतेय. तिची फाइल बाकावर उघडी पडलीय, तोच फॉर्म वर. "याचं दुरुस्त करता येते का पाहतो," फोन ठेवल्यावर ती म्हणते. भाऊ विचारतो, "का दुरुस्त?" ती त्याच्याकडे पाहते. मग फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवते आणि त्या दोन प्रश्नांवर बोट ठेवते. तो वाचतो. सावकाश, ओठ हलवत. तिच्याकडून पेन मागून घेतो आणि दोन्हीकडे शेवटच्या रकान्यात खूण करतो. जवळपास रोज. पेन परत देतो. गाडी लागते.

रात्री नाटक नाही. गाव लवकर झोपलंय. अंगणात हलका धान वाळत घातलेला, संध्याकाळी गोळा करून त्याच्यावर ताडपत्री ओढलीय. नऊला गोळी दिली, मी स्वतः. मोठेबाबा चटईवर आहेतच. भावजय पोरांना घेऊन आत. मी ओसरीवर, भावाच्या खाटेपासून तीन हातांवर. कालचा एक डोळा उघडा ठेवून झोपण्याचा ठराव आजही आहे, पण दिवस लांब होता.

जाग येते ती गार वाऱ्यानं. मोबाइलवर दोन वाजून सतरा मिनिटं. मोठेबाबा खोकत नाहीत, घोरतायत. खाटेवर फक्त चादर आहे.

मी उठते ती चपलांशिवाय. मोरी रिकामी. गोठ्यात बैल मान वळवून पाहतो. शेजारच्या म्हातारीच्या दाराला कडी आहे, आतून. नावानं हाक मारायची की नाही हे मला ठरवता येत नाही, तोंड उघडतं आणि आवाज येत नाही.

"ताई?"

तो अंगणात आहे. धानाच्या ढिगाच्या पलीकडे, वाकलेला, म्हणून दिसला नाही. वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालंय आणि तो ते ओढतोय. गोळीची गुंगी आहे, पाय नीट पडत नाहीत.

"झोप ना वं तू. दव पडून राहिलं, धान भिजते. एकट्याच्यानं होत नाही हे."

मी दुसरं टोक धरते. ताडपत्री वाऱ्यानं फुगते, माझ्या हातून सुटते, पुन्हा धरते. तो तिकडून सांगतो, खाली घे, अजून खाली, त्या कोपऱ्यावर पाटा ठेव. मी पाटा शोधायला लागते.